टाचेच्या मशीनची चिठ्ठी हातात पडली, आता पुढे काय?

गेल्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत हाडांची तपासणी ठेवलेली, मशीनमध्ये टाच ठेवून करतात ती. आई, वय ७१, चहा घेऊन खाली गेली आणि त्या आठवड्यात आमच्याकडे राहायला आलेल्या मावशीलाही ओढत घेऊन गेली. अर्ध्या तासात दोघी परत, हातात एटीएमच्या पावतीसारखी एकेक चिठ्ठी. आईच्या चिठ्ठीवर टी-स्कोअर (तरुण माणसांच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, जितका खाली तितकं वाईट) −२.७ आणि खाली मोठ्या अक्षरात ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा रोग. मावशीचा −०.८, नॉर्मल. मावशी खूश, आईचा चेहरा पडलेला, आणि पिशवीत मशीनच्या शेजारच्याच टेबलावरून घेतलेले कॅल्शियमचे तीन डबे, 'अगं तीन महिन्यांचा कोर्स आहे, डिस्काउंट होता'.

दुसऱ्या दिवसापासून आईने खाली चालायला जाणं बंद केलं, पडले तर मोडेल म्हणून. म्हणजे हाडांसाठी जी एक गोष्ट ती वर्षानुवर्षं नीट करत होती नेमकी तीच बंद. आणि फेब्रुवारीत मावशी तिच्या घरी ओल्या फरशीवर घसरली, हात टेकवला आणि मनगट मोडलं, तीच नॉर्मलवाली मावशी. मग घाबरून आईचं डेक्सा, म्हणजे एक्स-रेने हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घेतलं तर मणका −२.१ आणि खुबा −१.६, म्हणजे हाडं विरळ झालीयत पण ऑस्टिओपोरोसिसच्या रेषेच्या अलीकडेच.

मशीन भंगार होतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते. तसं नाहीये, मशीन त्याचं काम बरं करतं, आपण (आणि शिबिरवाले) त्याच्याकडून भलतंच काम करून घेतो. मी डॉक्टर नाही, पण हाडांच्या आणि हार्मोनच्या डॉक्टरांकडे दोघींना घेऊन चकरा मारताना भरपूर विचारलं, भरपूर वाचलं, आणि आता नात्यातल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या माझ्या व्हॉट्सॲपवर येतात, तर एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मशीन नक्की काय बघतं

टाचेचं मशीन सोनोग्राफीसारखं आवाजावर, म्हणजे अल्ट्रासाउंडवर चालतं. पण सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पडद्यावरचं काळं-पांढरं चित्र आठवतं. टाचेच्या बहुतेक मशीनमध्ये चित्रबित्र काही नसतं. टाचेच्या एका बाजूने आवाज सोडायचा, दुसऱ्या बाजूला ऐकायचा, बस. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसला प्रकार, फक्त ही टिचकी आपल्याला ऐकू न येणारी, साधारण २ लाख ते ६ लाख हर्ट्झची. पोटाच्या सोनोग्राफीत हा आकडा २०-५० लाखांत असतो पण तेवढा बारीक (म्हणजे उंच पट्टीचा) आवाज हाड गिळूनच टाकतं, पलीकडे पोचत नाही. एक्स-रे कुठेच नाही, त्यामुळे किरणांची भीती शून्य.

मोजतात दोन गोष्टी. पहिली एसओएस, म्हणजे आवाज किती वेगाने पलीकडे गेला. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो आणि टाचेचा आकडाही १५०० ते १६०० च्या पट्ट्यातच फिरतो, कधी जरा खालीही, कारण टाचेचं हाड आतून स्पंजसारखं असतं, जाळी आणि मधे मज्जा. जाळी दाट तर वेग जास्त, जाळी विरळ झाली की आकडा पाण्याकडे सरकतो. म्हणजे सगळा खेळ थोड्या मीटरच्या फरकाचा आहे हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी बीयूए. ही मला आधी अजिबात कळली नव्हती, मग गणपतीत कळली. गल्लीत डीजे लावलेला असतो, तुम्ही खिडक्या लावून घेता, तर झांजा आणि गाण्याचे शब्द गायब होतात आणि नुसतं धुम धुम धुम आत येत राहतं. भिंत बारीक आवाज जास्त खाते, जाडा आवाज कमी खाते. भिंत भक्कम असेल तर हा फरक मोठा, नुसता पत्रा असेल तर अख्खं गाणं आत. हाडाचंही तसंच, आवाज जसजसा बारीक करत जाऊ तसतसं हाड तो किती जास्त खातं याचा हिशोब म्हणजे बीयूए, डेसिबल पर मेगाहर्ट्झमध्ये लिहितात. दाट हाड, बीयूए जास्त. ही कल्पना इंग्लंडमधल्या ख्रिश्चन लँगटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडली.

टाचच का, तर तिथलं हाड जवळजवळ सगळं, ९५ टक्क्यांच्या आसपास, जाळीदार हाड आहे आणि पाळी थांबल्यावर आधी जाळीदार हाडच झिजायला लागतं, मणक्यातही तेच असतं. शिवाय टाचेवर शरीराचं वजन येतं, दोन्ही बाजू बऱ्यापैकी समांतर आणि वर मांस कमी. मनगट, नडगी, बोटं यांची पण अल्ट्रासाउंड मशीन निघाली पण या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयएससीडी, तिच्या मते रुग्णांसाठी वापरण्याइतका भक्कम पुरावा फक्त टाचेचाच आहे. कोणी बोटावर क्लिप लावून हाडांची घनता सांगत असेल तर चहा पिऊन घरी या.

आणि टाचेच्या मशीनला अगदीच खेळणं समजू नका. फ्रान्समध्ये साधारण ८० वर्षं वयाच्या ५६६२ बायकांच्या टाचा मोजून पुढे कोणाचा खुबा मोडतो ते बघितलं गेलं, एपिडॉस नावाचा अभ्यास, १९९६ साली छापून आला. बीयूए एक पायरी (म्हणजे एक स्टँडर्ड डेव्हिएशन) खाली असेल तर खुबा मोडण्याचा धोका साधारण दुप्पट निघाला. तर धोका कोणाला जास्त हे मशीनला कळतं. रोग आहे की नाही हे ठरवणं वेगळं काम आहे.

तपासणीला जाताना

कोणी करावी? पाळी थांबलेल्या बायका आणि ६५ च्या पुढचे पुरुष, एवढ्यांसाठीच हिचा उपयोग नीट सिद्ध झालाय. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये २८ वर्षांच्या पोरापोरींच्या टाचा मोजतात त्याला फारसा अर्थ नाही, त्या वयात टी-स्कोअर बघायचाच नसतो, बघायचाच तर झेड-स्कोअर म्हणजे आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना. अपवाद एक, आपल्याकडे बऱ्याच बायकांची 'पिशवी काढलेली' असते, तीही तिशी-चाळिशीत. पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली असतील तर पाळी त्याच दिवशी संपली, वय ३८ असलं तरी हाडांचा हिशोब तिथून सुरू. कित्येकींना नक्की काय काय काढलं तेच माहीत नसतं, जुनी डिस्चार्जची फाइल शोधा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या तेव्हा पाठदुखी-कंबरदुखीचं सगळे बोलत होते, पण हाडांचं हे गणित कोणी फारसं काढलं नाही.

तयारी म्हणाल तर उपाशीपोटी वगैरे जायचं नाही. पण पुढचं करा, कारण आकडा इथेच हलतो.

टाचा स्वच्छ धुवून जा. भेगांमध्ये मेण, तेल, व्हॅसलिन भरलेलं असेल तर ते काढून टाका. आवाजाला हवा आवडत नाही, टाच आणि पॅडच्या मधे हवेचा पातळ थर राहिला तरी तो तिथेच अडतो, म्हणून तर जेल लावतात. आईच्या टाचांना भेगा आहेत, हिवाळ्यात बोट जाईल एवढ्या, आणि त्या माणसाने ठिपकाभर जेल लावून पाय आत ढकलला होता. जेल भरपूर लावायला सांगा, भेगांत चोळायला सांगा, लाजू नका.

पाय थंडगार असेल तर पाच-दहा मिनिटं सॉक्स घालून बसा, पाय फार गरम किंवा फार गार असला की वेगाचा आकडा सरकतो. पायाला सूज असेल (बीपीच्या काही गोळ्यांनी येते, लांबच्या एसटी प्रवासानंतर येते) तर त्या दिवशी करू नका, सूज म्हणजे जास्तीचं पाणी आणि मशीनला ते हाडच वाटतं. टाचेला किंवा घोट्याला पूर्वी फ्रॅक्चर झालं असेल, प्लेट-स्क्रू असेल, पाय बरेच महिने प्लास्टरमध्ये राहिला असेल तर दुसरा पाय द्या. पैंजण काढून ठेवा, मधे येतात.

बसल्यावर पाय नीट सरळ, टाच मागच्या टेकणाला पूर्ण टेकलेली, गुडघा आत-बाहेर कललेला नको. मोजणी चालू असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, दहा-पंधरा सेकंदांचा प्रश्न असतो. आणि एकदा झालं की पाय बाहेर काढून, पुन्हा ठेवून परत एकदा मोजायला सांगा. रांग असते, मागच्या काकू कुरकुरतात, तरी सांगा. दोन आकडे जवळजवळ सारखे आले तर ठीक, टी-स्कोअरमध्ये अर्ध्या पॉइंटचा फरक पडला तर त्या दिवशीची चिठ्ठी विसरा.

ऑपरेटरला दोन गोष्टी विचारा: मशीन कुठल्या कंपनीचं, कुठलं मॉडेल, आणि आज सकाळी त्याची चाचणी घेतली का. या मशीनबरोबर एक प्लास्टिकचा ठोकळा येतो, फँटम म्हणतात, रोज त्याच्यावर मोजून मशीन जागेवर आहे ना ते बघायचं असतं. आमच्या शिबिरात मी नंतर फोन करून विचारलं तर समोरच्याने 'मॅडम फँटम म्हणजे?' असं विचारलं. तिथेच मला उत्तर मिळालं.

चिठ्ठीचा लगेच फोटो काढून ठेवा. थर्मल कागद असतो, सहा महिन्यांत पांढरा होतो.

चिठ्ठी वाचायची कशी

चिठ्ठीवर बीयूए, एसओएस, बहुतेक वेळा या दोघांपासून काढलेला एक आकडा, मग टी-स्कोअर, झेड-स्कोअर आणि हिरवा-पिवळा-लाल पट्टा असतो. मधला आकडा कंपनीगणिक वेगळा. अकिलीस नावाच्या जुन्या प्रसिद्ध मशीनमध्ये त्याला स्टिफनेस इंडेक्स म्हणतात आणि गणित उघड आहे: बीयूएला ०.६७ ने गुणा, एसओएसला ०.२८ ने गुणा, बेरीज करा, ४२० वजा करा. समजा बीयूए १०५ आणि एसओएस १५२० आले, तर ७०.३५ अधिक ४२५.६ वजा ४२०, म्हणजे ७६. आता गंमत बघा, पाय गार-गरम असल्याने किंवा तिरका ठेवल्याने एसओएस फक्त १० मीटरने कमी आला तर इंडेक्स ७३ वर येतो आणि टी-स्कोअर ०.२ च्या आसपास खाली जातो. वर म्हटलं ना, थोड्या मीटरचा खेळ आहे.

बरं, नाव स्टिफनेस असलं तरी हाडाचा कडकपणा कोणी प्रत्यक्ष मोजलेला नाही. आणि काही मशीन तर याच आकड्यांवरून हिशोबाने घनता काढून ग्रॅममध्ये छापतात, ती बघून डेक्साची घनताच आली असं समजू नका.

आता मुख्य घोळ, टी-स्कोअर. ऑस्टिओपोरोसिसची −२.५ ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली ती डेक्सासारख्या एक्स-रे मोजणीसाठी. −१ आणि वर नॉर्मल, −१ ते −२.५ मधे ऑस्टिओपेनिया, −२.५ आणि खाली ऑस्टिओपोरोसिस. हीच रेषा उचलून टाचेच्या अल्ट्रासाउंडला लावायची नसते, पण चिठ्ठीवर तेच रंग, तेच शब्द छापलेले असतात. हे म्हणजे एका कंपनीची सात नंबरची चप्पल बसते म्हणून दुसऱ्या कंपनीची पण सातच मागायची. प्रत्येक मशीनची तुलनेची तरुण मंडळी वेगळी, कुठे युरोपियन, कुठे आशियाई, त्यामुळे एकाच बाईचा एकाच दिवशी दोन मशीनवर वेगवेगळा टी-स्कोअर येऊ शकतो आणि दोन्ही मशीन आपापल्या जागी बरोबर असतात.

मग चाळणी म्हणून किती भरवशाची? २५ अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये हिशोब मांडला होता. टाचेच्या टी-स्कोअरची रेषा −१ ला धरली तर डेक्सावर ऑस्टिओपोरोसिस असणाऱ्या १०० पैकी साधारण ७९ जणी पकडल्या जातात, २१ सुटतात. आणि ज्यांना तो नाही अशा १०० पैकी ४२ जणींना उगाच धडकी भरते. आई त्या ४२ मधली निघाली.

म्हणून मी चिठ्ठी अशी वाचते. आकडा बराच खाली आहे, तर हे निदान नव्हे, डेक्सा करायचं निमंत्रण आहे. आकडा मस्त आहे आणि धोक्याची एकही गोष्ट नाही, तर निवांत राहा. आकडा मधला आहे, तर चिठ्ठी बाजूला ठेवा आणि खालच्या गोष्टी बघा. आणि किरकोळ पडून हाड मोडलेलं आहे, तर चिठ्ठीवर काहीही असू दे, हिरवं असू दे नाहीतर सोनेरी, डॉक्टर गाठा.

चिठ्ठीवर जे छापलेलं नसतं

मावशीचं काय चुकलं ते इथे कळतं. तिला दमा आहे, नुसता पंप नाही, मधेमधे डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या (स्टिरॉइडच्या) गोळ्या दिलेल्या आणि तिने त्या स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणून महिनोन्महिने चालू ठेवलेल्या. रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिन्यांच्या वर, हा हाडांसाठी मोठा धोका आहे आणि हाडाचा आकडा दिसायला बरा असतानाही मोडू शकतं. शिबिरात कोणी विचारलंच नाही की मावशी गोळ्या कुठल्या घेता.

घरी करायचा पहिला हिशोब एकदम सोपा आहे. ऑस्टा नावाचा, आशियाई बायकांसाठीच २००१ मध्ये काढलेला, पाळी थांबलेल्यांसाठी. किलोतलं वजन वजा वय, गुणिले ०.२. उत्तर −१ च्या वर असेल तर धोका कमी, −१ ते −४ मधला, −४ च्या खाली जास्त. आईचं वजन ५६, वय ७१, वजाबाकी −१५, गुणिले ०.२ म्हणजे −३, मधला गट. आमच्या शेजारच्या आजी ७८ वर्षांच्या आणि ४६ किलोच्या, त्यांचं −६.४, त्यांना कुठल्याही मशीनवर बसवायच्या आधीच डेक्साला पाठवायला हवं होतं. फुकटात होतं, वजनकाटा असला की झालं.

दुसरा फ्रॅक्स. शेफिल्ड विद्यापीठातून २००८ मध्ये आलेला, नेटवर फुकट आहे, देश निवडताना भारत निवडा. वय ४० ते ९०, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, सिगारेट, स्टिरॉइड, संधिवात म्हणजे रूमॅटॉइड (गुडघे झिजणं वेगळं, त्याला हो म्हणू नका, ही चूक सगळे करतात), दारू वगैरे भरलं की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडायची टक्केवारी देतो. शेवटी घनतेची जागा असते ती मांडीच्या हाडाच्या मानेच्या डेक्सा आकड्यासाठी आहे. तिथे टाचेचा टी-स्कोअर टाकायचा नाही. रिकामी सोडा, तरी उत्तर येतं. अमेरिकेत खुब्याचा धोका ३ टक्के किंवा एकूण मोठ्या फ्रॅक्चरचा २० टक्के झाला की औषधाचा विचार करतात, आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लावायचे की नाही ते तुमच्या डॉक्टरांवर सोडा. साध्या फ्रॅक्समध्ये मधुमेह टाइप २ धरलेला नाही आणि वारंवार पडणंही धरलेलं नाही, आणि आपल्याकडच्या सत्तरीतल्या माणसांत ह्या दोन्ही गोष्टी किती कॉमन आहेत ते सांगायला नको. शुगर असलेल्यांचं हाड आकड्यापेक्षा लवकर मोडतं, तेव्हा डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

डेक्साला गेलात तर

शहरात दोन-चार हजारांत होतं, तालुक्याच्या गावी बहुधा नसतंच. नाहीच मिळालं तर टाचेचा आकडा खूप खाली आणि वरचे धोके पण जास्त असं दोन्ही मिळून डॉक्टर औषध सुरू करू शकतात, आयएससीडीसुद्धा याला मान्यता देते, फक्त त्या त्या मशीनची स्वतःची रेषा वापरायची, −२.५ नाही. गावाकडे टाचेच्या मशीनचा खरा उपयोग हाच आहे.

डेक्साच्या आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवा, नुकताच बेरियमचा एक्स-रे किंवा डाय देऊन सीटी झाला असेल तर आधी सांगा. मणका आणि खुबा दोन्ही करून घ्या, नुसतं एक नको. साठी-सत्तरीच्या पुढे मणक्याला झिजेमुळे जादा हाड वाढलेलं असतं आणि ते मोजणीत धरलं जाऊन मणक्याचा आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून खुब्याकडे नीट बघतात. एरवी सगळ्यात खालचा आकडा निदानाला धरायचा. पुढच्या वेळी त्याच सेंटरला, त्याच मशीनवर जा.

रक्तात डॉक्टर बहुधा कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी बघतात. यातलं डी महत्त्वाचं कारण ते फार कमी असलं की हाडात खनिजच नीट भरत नाही, त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. टाचेचं मशीन आणि डेक्सा दोन्हीवर ते ठिसूळ हाडासारखंच दिसतं पण उपचार वेगळा आहे. मांड्या दुखणं, खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणं अशी लक्षणं असतील तर हे आधी तपासा. आणि ते व्हिटॅमिन डीचं ६० हजार युनिटचं सॅशे आठवड्याला एक, तेही सांगितले तेवढेच आठवडे, काही लोक वर्षभर घेत बसतात आणि मग अंगात कॅल्शियम वाढून दवाखान्यात.

आजकाल मोठ्या शहरांत मणका आणि खुब्याचीच अल्ट्रासाउंड तपासणी पण ऐकू येते, रेम्स म्हणतात, इटलीतून आलेली. ही टाचेच्या मशीनची बहीण नाही, इथे नेहमीच्या सोनोग्राफीसारखं चित्र घेऊन त्यातल्या परत येणाऱ्या लहरींवरून हिशोब करतात आणि डेक्सासारखे आकडे देतात. किरणं नाहीत, अभ्यास बरे येतायत, पण अजून डेक्साची जागा घेतलेली नाही आणि करणाऱ्याचा हात सफाईदार लागतो.

जे करू नका

दर वर्षी शिबिरात टाच मोजून 'औषधाने फरक पडला का' बघू नका. उपचाराचा परिणाम टाचेच्या अल्ट्रासाउंडवर मोजायचा नसतो, टाच फार हळू बदलते आणि मशीनची चूक त्या बदलापेक्षा मोठी असते. आईच्या ग्रुपमधल्या एक काकू −२.२ वरून −१.८ झाल्या म्हणून स्वतःच गोळी बंद करून बसल्या होत्या, दोन्ही वेळी मशीन वेगळं, वर एकदा उजवा पाय एकदा डावा.

हाडांच्या औषधांपैकी आठवड्याची अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा पण नाही. सहा महिन्यांचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर ते मनाने अजिबात चुकवू नका, ते सोडल्यावर मणके मोडल्याची उदाहरणं आहेत.

कॅल्शियमच्या डब्यांबद्दल, पाळी गेलेल्या बाईला आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे एका भाकरीत २०० धरा, पेलाभर दुधात २४० धरा, आणि मग जे कमी पडतं तेवढंच गोळीतून. आईचे तीन डबे अजून कपाटात आहेत, चव चॉकलेटची आहे म्हणे, भाचा पळवतो.

आणि घाबरून बसू नका. आईला डॉक्टरांनी डेक्सा बघून पहिलं काय सांगितलं असेल तर 'आजी, उद्यापासून परत चालायला जायचं', आणि आम्हाला सांगितलं बाथरूममध्ये धरायला दांडा लावा, पायपुसणी गुंडाळून ठेवा, रात्रीचा दिवा लावा. खुबा बहुतेक वेळा पडूनच मोडतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मशीनशिवाय आजच करा, ती म्हणजे उंची. मणक्याचं फ्रॅक्चर बऱ्याचदा कळतच नाही, पाठ दुखते, वयाने दुखते म्हणून सोडून देतो आणि माणूस हळूहळू बुटका होत जातो. तरुणपणाच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर टाच कितीही हिरवी असो, मणक्याचा एक्स-रे काढून घ्यायचा. उंची सकाळीच मोजा, संध्याकाळपर्यंत सगळेच थोडे खाली बसतो. अनवाणी, टाचा चौकटीला लावून, डोक्यावर जाडजूड पुस्तक आडवं धरायचं आणि पेन्सिलीने रेघ. आईची जुनी उंची माझ्या जन्माच्या वेळच्या तिच्या फाइलीत सापडली, १५४. आता १५१. स्वयंपाकघराच्या चौकटीवर रेघ मारून शेजारी तारीख लिहिलीय, दिवाळीआधी रंगकाम आहे, रंगवाल्याला सांगून ठेवलंय त्या एका चौकटीला हात लावायचा नाही.